वऱ्हाडचा मालक कोण? सार्वभौमत्वाचा बुलढाण्यातला धडा

बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनी एलएल.बी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय सक्तीचा केला. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येणारा बुलढाणा जिल्ह्यातला विद्यार्थीही तो शिकतो. राज्य कशाला म्हणायचे, सार्वभौमत्व म्हणजे काय, एका राज्याचा मुलूख दुसऱ्याकडे कोणकोणत्या मार्गांनी जातो, तह कधी बांधतो आणि कधी संपतो, हे या विषयातले मूळ प्रश्न. त्यांची उदाहरणे पाठ्यपुस्तकांत येतात ती हाँगकाँगची, ग्वांतानामोची, पाल्मास बेटाची. ती चुकीची नाहीत, पण विद्यार्थी ज्या जमिनीवर राहतो ती जमीन 1853 पासून जवळजवळ शंभर वर्षे याच प्रश्नांत अडकलेली होती, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. वऱ्हाडवर राज्य इंग्रजांचे होते, मालकी निजामाची होती, आणि रयत दोघांपैकी नेमकी कुणाची हे कागदोपत्री सांगताना कायदेपंडितांची दमछाक होत असे. माझे म्हणणे असे की, आंतरराष्ट्रीय कायद्याचा पहिला धडा वऱ्हाडात वऱ्हाडच्याच इतिहासातून शिकवला पाहिजे. प्रादेशिक अभिमान हे त्याचे कारण नव्हे. कायद्याचे नाव आणि सत्तेची वस्तुस्थिती यांत अंतर पडले की काय होते, ते या उदाहरणाइतके स्वच्छ फार थोड्या ठिकाणी दिसते, हे खरे कारण आहे.

या गुंत्याची सुरुवात इंग्रजांच्याही आधीची आहे. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून शाहू छत्रपतींसाठी दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्या सहांत वऱ्हाडचा सुभा होता. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. मुलूख बादशहाचा आणि वसुलातला मोठा वाटा मराठ्यांचा, अशी ती व्यवस्था. पाच वर्षांनी, ऑक्टोबर 1724 मध्ये, आजच्या सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याजवळ निजाम-उल-मुल्काने बादशहाचा सुभेदार मुबारिजखान याचा पराभव केला. मुबारिजखान त्या लढाईत मारला गेला आणि दख्खन प्रत्यक्षात निजामाच्या हाती आली. पण त्याने स्वतःला स्वतंत्र राजा म्हणवले नाही. बादशहाचे नाव, त्याचे नाणे, त्याचा किताब हे सगळे चालू राहिले. हैदराबादच्या सत्तेचा पाया असा बुलढाणा जिल्ह्यात घातला गेला, आणि घालतानाच नाव एकाचे व अंमल दुसऱ्याचा अशी रीत पडली. पुढे नागपूरकर भोसले आणि निजाम यांच्यात वऱ्हाडची दुअंमली चालली. एकाच गावाचा वसूल दोन सरकारे घेत. 1803 च्या डिसेंबरात देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला आणि 1804 मध्ये इंग्रजांनी तो निजामाला दिला. दुअंमली संपली. वऱ्हाड एकट्या निजामाचे झाले, पण ते पन्नासच वर्षे.

निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक स्वतंत्र फौज उभी होती, तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. तिचा पगार थकत गेला, कंपनीचे देणे वाढत गेले. लॉर्ड डलहौसीच्या काळात, 21 मे 1853 रोजी, रेसिडेंट कर्नल लो यांनी निजाम नासिरुद्दौला यांच्याकडून तहनामा करून घेतला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हे प्रांत फौजेच्या खर्चासाठी कंपनीच्या हवाली झाले. कंपनीने त्यांचा कारभार पाहायचा, वसुलातून फौजेचा पगार व इतर देणी भागवायची, दरसाल हिशेब द्यायचा आणि शिल्लक निजामाला पोचती करायची, असा तो करार. मुलूख निजामाने दिलेला नव्हता, नुसता सोपवलेला होता. म्हणूनच सरकारी कागदांत या प्रदेशाचे नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे पडले. 1857 च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याचे बक्षीस 1860 च्या डिसेंबरातल्या तहाने मिळाले. पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर दोआब परत मिळाले, शोरापूर निजामाला दिले गेले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले आणि हिशेब मागण्याचा निजामाचा हक्क गेला. शिल्लक द्यायची, पण ती किती हे देणाऱ्यानेच ठरवायचे. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी पुढे अनेक वर्षे वऱ्हाड परत मागितले, 1876 मध्ये ते लंडनलाही जाऊन आले, पण हाती काही लागले नाही. कराराचा अर्थ लावण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे गेला की कराराचे काय होते, ते 1853 आणि 1860 हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले की समजते.

हे सगळे दरबारी कागदांपुरते होते, असे कुणाला वाटेल. बुलढाण्याच्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत ते कसे पोचले होते ते पाहावे. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हते, म्हणून कलकत्त्याच्या विधिमंडळाचा कायदा येथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरल आपल्या कार्यकारी मंडळासह अधिसूचना काढत, तिच्यामुळे तो कायदा येथे लागू होई, नाहीतर होत नसे. मेहकरच्या किंवा चिखलीच्या शेताचा सारा, खातेदाराचा हक्क, पाटील-पटवाऱ्याचे अधिकार हे ठरले ते 1896 च्या ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स लँड रेव्हेन्यू कोड’ने आणि 1900 च्या पाटील-पटवाऱ्यांच्या कायद्याने. हे दोन्ही कायदे कोणत्याही विधिमंडळात चर्चेला आलेले नव्हते. 1903 पर्यंत वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याकडून चाले. शेतसाऱ्याचा प्रश्न परराष्ट्र खात्याकडे, ही व्यवस्था पन्नास वर्षे टिकली. ऑगस्ट 1905 मध्ये जिल्ह्यांची फेररचना झाली, खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात आले. तेव्हा कारभार नागपूरहून चालू झाला होता, पण येथला कायदा अजूनही परकीय मुलखातल्या अधिकाराच्या नावानेच चालत होता. 1919 च्या सुधारणांनंतरही तिढा सुटला नाही. वऱ्हाडात मतदान होई, उमेदवार निवडून येई, पण तो ब्रिटिश हिंदुस्थानचा नसल्यामुळे कायद्याने त्याला निवडून आलेला सभासद म्हणता येत नसे. मग निवडणुकीच्या निकालानुसार सरकार त्याची नेमणूक करी. लोकनायक बापूजी अणे केंद्रीय कायदेमंडळात बसले ते असे, वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून, पण सभागृहाच्या यादीत नेमलेल्या सभासदांत. 1941 मध्येसुद्धा वऱ्हाडला कोणते कायदे लागू आहेत हे स्पष्ट करण्यासाठी ‘बेरार लॉज ॲक्ट’ हा वेगळा कायदा करावा लागला.

5 नोव्हेंबर 1902 च्या कराराने या व्यवस्थेला नवे रूप आले. लॉर्ड कर्झन आणि निजाम महबूब अलीखान यांच्यातल्या वाटाघाटींनंतर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना दिले गेले. वार्षिक खंड 25 लाख रुपये ठरला. निजामाचे सार्वभौमत्व मान्य केल्याचे त्यातच पुन्हा लिहिले गेले. सुमारे 17,700 चौरस मैलांच्या मुलखाला 25 लाख, म्हणजे एकरी साडेतीन आण्यांच्या आसपास पडतात, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यातूनही जुन्या कर्जाची वजावट व्हायची होती. जगात त्याच सुमारास काय चालले होते ते पाहिले की या कराराचे महत्त्व कळते. 1878 मध्ये ब्रिटनने सायप्रसचा कारभार घेतला, सार्वभौमत्व तुर्की सुलतानाचे ठेवले. 1898 मध्ये चीनकडून जर्मनीने किआउचौ, रशियाने पोर्ट आर्थर, ब्रिटनने वेहाईवेई आणि हाँगकाँगलगतचा नवा प्रदेश पट्ट्याने घेतला. 1903 मध्ये अमेरिकेने क्यूबाकडून ग्वांतानामो घेतले आणि अंतिम सार्वभौमत्व क्यूबाचेच असल्याचे करारात नमूद केले. या सगळ्यांच्या मधोमध 1902 चे वऱ्हाड आहे. फरक एवढाच की हाँगकाँगच्या नव्या प्रदेशाची मुदत 99 वर्षांची होती, ती 1997 मध्ये संपली आणि मुलूख परत गेला. वऱ्हाडच्या पट्ट्याला मुदतच नव्हती. मुदत नसलेला पट्टा म्हणजे भाडे की विक्री, हा प्रश्न त्या काळच्या कायदेपंडितांपुढे होता आणि आजच्या विद्यार्थ्यापुढेही ठेवण्यासारखा आहे.

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हैदराबाद हे मांडलिक संस्थान होते, त्याचे इंग्रज सरकारशी असलेले नाते आंतरराष्ट्रीय कायद्यात बसतच नव्हते, मग वऱ्हाडचा इतिहास या विषयात आणायचा कशाला? आक्षेपाला अधिकृत आधार आहे. मणिपूर संस्थानातल्या उठावानंतर 21 ऑगस्ट 1891 च्या गॅझेट ऑफ इंडियात हिंदुस्थान सरकारने जाहीर केले की, राणीच्या अधिसत्तेखालच्या संस्थानांशी असलेल्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे लागू नाहीत. पण त्यानंतरच्या चारच वर्षांत काय घडले ते पाहा. लुईस टपर यांचा हिंदी संस्थानांवरचा ग्रंथ 1893 मध्ये आला, विल्यम ली-वॉर्नर यांचा 1894 मध्ये, आणि त्याच वर्षी केंब्रिजच्या जॉन वेस्टलेक यांनी आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या आपल्या पुस्तकात हिंदुस्थानच्या साम्राज्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. प्रश्न इतका साफ असता तर एवढी शाई खर्ची पडली नसती. शिवाय इंग्रजांचे वर्तन त्यांच्याच घोषणेशी जुळत नव्हते. मुलूख हवा असला की ते तहनामा करत, 1853 ला केला, 1860 ला केला, 1891 च्या घोषणेनंतर अकरा वर्षांनी 1902 ला केला आणि 1936 ला पुन्हा केला. त्यांच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायपीठाने, प्रिव्ही कौन्सिलने, 1897 मध्ये मुहम्मद युसुफुद्दीन प्रकरणात ठरवले की निजामाच्या मुलखातल्या रेल्वेवर इंग्रजांना मिळालेला अधिकार रेल्वेच्या कामापुरताच आहे, सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटवर तेथे झालेली अटक बेकायदा आहे. परकी मुलूख, मर्यादित अधिकार, कराराच्या शब्दांचा अर्थ, हे सगळे आंतरराष्ट्रीय कायद्याचेच तर्कशास्त्र आहे. राहिला प्रश्न घोषणेचा. आंतरराष्ट्रीय कायदा कुणाला लागू आणि कुणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकार बलवान पक्षाने स्वतःकडे कसा घेतला, याचा तो लेखी पुरावा आहे. एकोणिसाव्या शतकात आशिया-आफ्रिकेतल्या राज्यांना या कायद्याच्या उंबरठ्याबाहेर कसे ठेवले गेले ते शिकवायचे असेल, तर त्या गॅझेटपेक्षा चांगला कागद शोधूनही सापडणार नाही. आक्षेपाचा पुरावा माझ्याच बाजूने साक्ष देतो.

तोच प्रश्न 1920 च्या दशकात उघडपणे पेटला. निजाम उस्मान अलीखान यांनी 25 ऑक्टोबर 1923 च्या खलित्याने वऱ्हाड परत मागितले. त्यांची बाजू कायद्याची होती: तह बरोबरीच्या दोन पक्षांत झाले, फौज 1903 मध्ये हिंदी सैन्यात विलीन झाली, सोपवण्याचे कारणच उरले नाही, आणि 1902 ची संमती दडपणाखाली घेतली गेली. 27 मार्च 1926 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी उत्तर दिले. ब्रिटिश राजसत्तेचे वर्चस्व केवळ तहांवर उभे नाही, ते तहांच्याही पलीकडचे आहे, आणि म्हणून कोणत्याही संस्थानिकाला बरोबरीच्या नात्याने वाद घालता येणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. हिंदुस्थानातल्या सर्व संस्थानांच्या दर्ज्यावर हे पत्र पुढे वीस वर्षे दाखला म्हणून वापरले गेले. त्याचे निमित्त वऱ्हाड होते. आणि एवढे करून दहाच वर्षांनी, 1935 चा भारत सरकार कायदा अमलात आणताना, त्याच सरकारला वऱ्हाडपुरता निजामाशी नवा करार करावा लागला. 1936 च्या त्या कराराने वऱ्हाडवरचे निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा कबूल झाले, युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, आणि वऱ्हाड मध्य प्रांतासह एकाच गव्हर्नरच्या प्रांतात गेले. तहांपलीकडची सत्ता असल्याचा दावा करणाऱ्यालाही शेवटी तहाचाच आधार घ्यावा लागला, ही गोष्ट विद्यार्थ्याने नीट लक्षात ठेवावी. कायद्याचे रूप निव्वळ शोभेचे असते, तर कुणी एवढी यातायात केली नसती.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. निजामाचे सार्वभौमत्व नावापुरते होते, सारा इंग्रज कलेक्टर घेत होता, फौजदारी त्याची, शाळा त्याच्या, मग या नावाला किंमत काय? याचे उत्तर मराठी मुलखातल्याच एका दुसऱ्या प्रकरणात आहे. दादरा आणि नगर हवेलीची गावे 1954 मध्ये मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. भारताच्या वतीने हंगामी न्यायाधीश म्हणून न्या. एम. सी. छागला त्या पीठावर बसले. वादाच्या मुळाशी होता 17 डिसेंबर 1779 चा पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यातला तह, आणि 1783 व 1785 चे पेशवे सरकारचे हुकूम. त्या मराठी कागदांचा अर्थ लावत न्यायालयाने 12 एप्रिल 1960 रोजी निकाल दिला. मराठ्यांनी पोर्तुगिजांना गावांचा वसूल दिला होता, सरंजामाच्या रीतीने, सार्वभौमत्व दिले नव्हते, असे न्यायालयाने म्हटले. मात्र पुढे इंग्रजांनी आणि नंतर भारतानेही पोर्तुगिजांचा अंमल वस्तुतः मान्य केल्यामुळे ते सार्वभौम ठरले. म्हणून सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क त्यांना होता, फौज आणि हत्यारबंद पोलीस नेण्याचा नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नव्हता. आता हे वऱ्हाडशेजारी ठेवून पाहावे. मुलूख न देता वसूल तोडून देण्याची दख्खनची जुनी रीत दोन्हीकडे एकच. दादऱ्यात वसुलाच्या हक्काचे पुढे राज्य झाले, कारण तेथे मूळ धन्याची आठवण करून देणारे कुणी उरले नाही. वऱ्हाडात राज्य पूर्णपणे इंग्रजांचे असूनही मालकी बदलली नाही, कारण निजामाने पिढ्यान्‌पिढ्या हरकत घेतली आणि प्रत्येक करारात आपले नाव लिहून घेतले. नाव टिकवणे म्हणजे दावा टिकवणे. ग्वांतानामोतही हाच प्रश्न उलट बाजूने आला. 2008 मध्ये बूमेडिएन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नावाचे सार्वभौमत्व क्यूबाचे असले तरी पूर्ण ताबा अमेरिकेचा आहे, म्हणून कैद्यांना न्यायालयाचे दार बंद करता येणार नाही. नाव आणि ताबा यांपैकी कायदा कशाला केव्हा वजन देतो, हे या तीन उदाहरणांतून एका तासात शिकवता येते.

तिसरा आक्षेप मनाला अधिक लागणारा आहे. हा सगळा वाद दोन राजसत्तांचा होता, त्यात लोक कुठे होते? निजामाच्या दाव्याला उजाळा देणे म्हणजे एका सरंजामी हक्काला प्रतिष्ठा देणे नव्हे काय? लोक कुठेच नव्हते, हे खरे आहे. 1853, 1860, 1902, 1936, एकाही वेळी वऱ्हाडच्या माणसाला कुणी विचारले नाही. 1923 च्या मागणीबरोबर निजामाने वऱ्हाडला स्वायत्त, जबाबदार कारभार देण्याची तयारी दाखवली, पण वऱ्हाडच्या पुढाऱ्यांनी निजामाच्या राज्यात परत जाण्यास विरोध केला. त्यांना इंग्रजी अंमल हवा होता असे नाही, त्यांना स्वराज्य हवे होते. पहिले महायुद्ध संपताना लोकांच्या स्वयंनिर्णयाचे तत्त्व जगभर बोलले जात होते, आणि वऱ्हाडात तेच तत्त्व दोन धन्यांच्या कागदांआड दडपले जात होते. म्हणूनच हा इतिहास शिकवायचा. तो निजामाच्या बाजूने नाही आणि इंग्रजांच्याही नाही. मुलखाला मालमत्ता समजून पट्टे करणारा कायदा आणि माणसांना हक्क देणारा कायदा यांत अंतर किती, ते त्यातून उघड होते. विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय कायद्याने ते अंतर काही प्रमाणात कापले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेच्या पहिल्याच कलमात लोकांच्या स्वयंनिर्णयाचा उल्लेख आहे. हे कलम कोरडे वाटणाऱ्या विद्यार्थ्याने वऱ्हाडचे तहनामे वाचावेत, म्हणजे ते कशासाठी लिहावे लागले ते समजेल.

शेवटचा अंक 1947 आणि 1948 चा. हिंदी स्वातंत्र्याच्या कायद्याच्या सातव्या कलमाने संस्थानांवरची ब्रिटिश अधिसत्ता आणि त्यांच्याशी झालेले करार संपुष्टात आले. करार गेले तर पट्टाही गेला, मग वऱ्हाड निजामाकडे परत जायला हवे, असा दावा हैदराबादच्या शिष्टमंडळाने जुलै 1947 च्या वाटाघाटींत मांडला. कायद्याच्या अक्षराला धरून तो अगदीच निराधार नव्हता, आणि म्हणूनच तो धोक्याचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जून 1947 मध्येच एका निवेदनात संस्थानांच्या स्वातंत्र्याच्या दाव्याचा कायद्याच्या आधारे समाचार घेतला होता. अधिसत्ता अशी हवेत विरून जाऊ शकत नाही, संस्थानांनी भारतात यावे, अशी त्यांची भूमिका होती. 21 ऑगस्ट 1948 रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे तक्रार धाडली. सभासद नसलेल्या राज्यालाही दाद मागू देणाऱ्या सनदेच्या पस्तिसाव्या कलमाचा त्यासाठी आधार घेतला. 13 सप्टेंबरला हैदराबादेत भारताची पोलीस कारवाई सुरू झाली. 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये समितीने हा विषय चर्चेला घेतला, आणि हैदराबाद हे मुळात राज्यच नाही, असे भारताने तेथे सांगितले. दुसऱ्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि 22 सप्टेंबरला त्यांनी तक्रार मागे घेत असल्याची तार केली. समितीने ठराव केला नाही. अमेरिकन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉमध्ये 1950 साली क्लाइड ईगलटन यांनी या प्रकरणावर भारतावर टीका करणारा लेख लिहिला. तो विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा आणि त्याला उत्तरही द्यावे. हैदराबादच्या सीमेला लागून असलेल्या बुलढाण्याच्या गावांनी जे डोळ्यांनी पाहिले, त्यातले काहीही त्या लेखाच्या तर्कात आले नाही. रझाकारांचा जुलूम आणि संस्थानातल्या बहुसंख्य लोकांची इच्छा राज्याच्या व्याख्येत बसवायची की नाही, हा त्या उत्तराचा गाभा असेल.

चौथा आक्षेप वेळेचा आहे. सागरी कायदा, मानवी हक्क, जागतिक व्यापार, हवामान करार, एवढा अभ्यासक्रम असताना जुन्या तहांना जागा कुठे? पण विद्यार्थी या इतिहासाचा एक तुकडा आधीच शिकत असतो. राज्याला परक्या न्यायालयात मिळणाऱ्या संरक्षणावर ‘रहिमतुल्ला विरुद्ध हैदराबादचे निजाम’ हा हाउस ऑफ लॉर्ड्सचा 1957 चा निकाल पाठ्यपुस्तकांत असतोच. सप्टेंबर 1948 मध्ये लंडनच्या बँकेतून निजामाचे सुमारे दहा लाख पौंड पाकिस्तानचे उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावे गेले, त्याचा तो वाद. 2019 मध्ये लंडनच्या हायकोर्टाने ती वाढलेली रक्कम भारताला आणि निजामाच्या वारसांना दिली. विद्यार्थी निकालातले तत्त्व पाठ करतो, पण तो निजाम कोण आणि त्याच्या राज्याचे पुढे काय झाले हे त्याला ठाऊक नसते. दुसरे असे की, आंतरराष्ट्रीय कायदा आजही याच जिल्ह्यात काम करतो आहे. 1971 मध्ये इराणातल्या रामसर येथे झालेल्या पाणथळ जागांच्या करारात भारत 1982 मध्ये सामील झाला, आणि लोणार सरोवर रामसर स्थळांच्या यादीत आल्याचे नोव्हेंबर 2020 मध्ये जाहीर झाले. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले ते दुसरे स्थळ. या कराराच्या दुसऱ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की, एखादी जागा यादीत आली म्हणून त्या देशाच्या सार्वभौम हक्काला बाधा येत नाही. पण तिसऱ्या कलमाने त्या जागेची नैसर्गिक स्थिती बिघडली तर कळवण्याची जबाबदारी त्या देशावर येते. सार्वभौमत्व कायम आणि जबाबदारी वाटून घेतलेली, ही रचना 1853 च्या कागदासारखीच वाटते. फरक आहे तो संमतीचा. त्या वेळी तह कर्जाच्या फासातून आला, या वेळी स्वतंत्र भारताने आपणहून बंधन स्वीकारले. लोणारचे पाणी त्या काळी मेहकर तालुक्यात होते, तेव्हा त्याच्यावर सही हैदराबादच्या रेसिडेंटची चालत असे. एकाच खड्ड्याकाठी उभे राहून तहाचे दोन अर्थ दाखवता येतात. हा धडा अभ्यासक्रमावरचा बोजा नाही, अभ्यासक्रम समजण्याची किल्ली आहे.

यासाठी नवा विषय लागत नाही, नवे पुस्तकही लागत नाही. 1853, 1860, 1902 आणि 1936 हे चार करार, 1891 चे गॅझेट, 1926 चे रीडिंग यांचे पत्र आणि हेगचा 1960 चा निकाल, एवढे कागद चांगल्या मराठीत भाषांतरित करून अमरावती विद्यापीठाने विधी महाविद्यालयांच्या हाती द्यावेत. प्राध्यापकांनी सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत ते वर्गात वाचावेत, अर्ध्या वर्गाने निजामाची बाजू मांडावी, अर्ध्याने सरकारची, आणि शेवटी वऱ्हाडच्या रयतेची बाजू कोण मांडतो ते पाहावे. इतिहासाच्या शिक्षकांनी आणि वकील संघांनी यात हात द्यावा, कारण जमिनीचे जुने दप्तर आणि त्या काळचे निकाल त्यांच्याच ओळखीचे आहेत. ज्या मुलखाचा मालक कोण हे ठरवायला शंभर वर्षे लागली, तेथला विद्यार्थी सार्वभौमत्वाचा अर्थ परक्या उदाहरणांतून शिकतो, ही उणीव आहे. ती भरून काढण्यासाठी लागणारे सारे साहित्य आपल्याजवळ आहे, आणि ते काम आता हाती घेतले पाहिजे.